आपटल्यावर उठतो कोण?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकी कार्टूनपटांबद्दल दोन ठरीव मतं ऐकू येतात. एक म्हणजे तो सगळा सरकारी प्रचार होता. दुसरं म्हणजे तो निव्वळ दंगा होता, त्यात अर्थ शोधत बसू नये. मार कोण खातं आणि खाल्ल्यावर त्याचं काय होतं, हे पाहण्याचे कष्ट दोन्ही मतं घेत नाहीत. स्लॅपस्टिकचा सगळा डोलारा एका अलिखित करारावर उभा असतो. डोक्यावर ऐरण पडली तर अंग पापडासारखं चपटं होईल, पण पुढच्या दृश्यात तो गडी टुणकन उठलेला असेल. या हमीच्या जोरावरच आपण निर्धास्त हसतो. युद्धात नेमकी हीच हमी नसते. त्यामुळे १९४२ ते १९४५ मधल्या कार्टूनपटांनी हा करार कुणाशी पाळला आणि कुणाशी मोडला, यावर त्यांचा विनोद आज टिकतो की नासतो हे ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

करार पाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग टॉम अँड जेरीकर्ते हॅना आणि बार्बेरा यांनी काढला. ‘द यँकी डूडल माउस’ (१९४३) मध्ये त्यांनी अख्खं युद्ध घराच्या तळघरात आणून कोंडलं. अंडी हे हातबॉम्ब, शॅम्पेनची बुचं ही तोफ, चीज किसायची किसणी ही जीप. टॉम भाजतो, उडतो, फुटतो आणि पुन्हा हजर होतो. आपल्याकडे टीव्हीवर वाढलेल्या पिढ्यांना टॉम अँड जेरी युद्धाचा संदर्भ न कळताही आवडले, कारण त्यात शत्रू हा शेजारच्या खोलीतला मांजरच राहिला. ऑस्कर मिळालेला हा पट चातुर्याचा आहे, पण युद्धाच्या जवळ तो फारसा जातच नाही.

जवळ गेला तो डोनाल्ड डक. जानेवारी १९४३ मध्ये प्रदर्शित झालेला, जॅक किनी दिग्दर्शित ‘डेर फ्यूररर्स फेस’ हिटलरची टर उडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. पण नीट पाहिलं तर त्यात हिटलर मार खातो तो अगदी शेवटी, एका टोमॅटोपुरता. बाकी सगळा मार नाझी कारखान्यात राबणाऱ्या डोनाल्डला. लाकडाइतका कडक पाव करवतीनं कापायचा, कॉफीची एकुलती बी दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवायची, मग सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या तोफगोळ्यांच्या टोप्या घट्ट करायच्या आणि मधूनच फ्यूररची तसबीर आली की सलाम ठोकायचा. पट्ट्याचा वेग वाढतो, गोळा आणि तसबीर यांत फरक उरत नाही, आणि हात कोणत्या कामाचा आहे हे हातालाच कळेनासं होतं. हुकूमशाही माणसाच्या अंगाचं काय करते, याचं इतकं नेमकं चित्र गंभीर प्रचारपटांतही क्वचितच दिसतं. गंमत अशी की १९४२ च्या ‘डोनाल्ड गेट्स ड्राफ्टेड’मध्ये हाच बदक स्वतःच्या सैन्यात भरती होतो आणि तिथेही तपासणीत त्याचे हाल होतात, कवायतीत मुंग्यांच्या वारुळावर ताठ उभं राहावं लागतं, अखेर बटाटे सोलण्याची शिक्षा मिळते. हुकूम कुणाचाही असो, अंग ते ऐकत नाही. डिस्नेला हे म्हणायचं होतं का, ही शंका रास्त आहे, बहुधा नव्हतं. पण हेतू देशभक्तीचा असला तरी विनोदाची यंत्रणा आपल्याच वाटेनं जाते.

खुद्द लष्करानं करवून घेतलेल्या ‘प्रायव्हेट स्नाफू’ मालिकेत ही यंत्रणा सर्वांत धीट झाली. दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा यांच्या लष्करी चित्रपट विभागाच्या देखरेखीखाली, वॉर्नरच्या कार्टून विभागात बहुतेक भाग तयार झाले. थिओडोर गाइझेल, म्हणजे पुढे जगाला माहीत झालेले डॉ. सूस, लेखकांत होते, आवाज मेल ब्लँकचा. प्रेक्षक फक्त सैनिक, त्यामुळे हॉलिवूडच्या नीतिनियमांची आडकाठी नव्हती. ‘स्पाइज’ (१९४३) मध्ये स्नाफू या सैनिकाच्या मेंदूला कुलूप असतं. दारू पोटात गेली की ते उघडतं, आणि तुकड्यातुकड्यांनी सांडलेलं गुपित त्याला थेट नरकात पोचवतं. ‘द गोल्डब्रिक’मधला कामचुकार स्नाफूही मरतो. इथे करार उघडपणे मोडला आहे, पण तो आपल्याच माणसाशी, त्याला जिवंत ठेवण्यासाठी. आणि पुढच्या भागात तो पुन्हा उठतो, पुन्हा नवी चूक करायला. बराकीत बसलेल्या पोरांना हे हसू कळत असणार.

आता उलट बाजू. वॉर्नरच्याच फ्रिझ फ्रेलेंगच्या ‘डॅफी, द कमांडो’ (१९४३) मध्ये जर्मन अधिकारी आणि त्याच्या हाताखालचा शुल्ट्झ पुनःपुन्हा टाळकी सडकून घेतात आणि उठतात. अखेर खुद्द हिटलरच्या डोक्यात हातोडा बसतो. त्याच फ्रेलेंगच्या ‘बग्ज बनी निप्स द निप्स’ (१९४४) मध्ये ससा जपानी सैनिकांना हातबॉम्ब घातलेलं आइस्क्रीम वाटतो. ते उठत नाहीत. एकटा परततो तो फुकट आइस्क्रीमची बक्षीस-काडी घेऊन, म्हणजे दुसऱ्यांदा उडण्यापुरता. मग झाडांवर जपानी झेंडे रंगवून मोजदाद होते. जर्मनांत हिटलर, गोअरिंग अशी नावाची माणसं हास्यास्पद ठरतात. जपान्यांत एक अख्खा समाज, एकाच साच्यातल्या दातांचा आणि चष्म्यांचा.

आजच्या फूटपट्टीनं कालच्या चित्रांना मोजू नये, असा आक्षेप इथे हमखास येतो. पण फूटपट्टी आजची नाहीच. एकच दिग्दर्शक, एकच स्टुडिओ, वर्षभराहूनही कमी अंतर. मोजमाप त्यांच्याच हातचं आहे. काळ वाईट होता हे खरं: १९४२ च्या हुकमानंतर सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेनं छावण्यांत डांबलं, आणि स्नाफू लिहिणाऱ्या गाइझेल यांनीच वर्तमानपत्रात या समाजाविरुद्ध विखारी व्यंगचित्रं काढली होती. त्यावरून कारण कळतं, विनोद मात्र सुधारत नाही. जपानही यात मागे नव्हता; ‘मोमोतारोचे सागरी गरुड’ (१९४३) या पटात पर्ल हार्बरच्या जहाजावर पॉपाय कार्टूनमधल्या ब्लूटोसारखा दारुडा अमेरिकी धडपडतो. निदान त्याला उधारीचा का होईना, एक चेहरा मिळाला.

मग देशभक्तीच्या मागणीतून सुटून निघालेला विनोद होता तरी कुठे? वॉर्नरच्याच दुसऱ्या दिग्दर्शकाकडे, बॉब क्लॅम्पेटकडे. ‘फॉलिंग हेअर’ (१९४३) मध्ये कोसळणारं विमान जमिनीपासून काही फुटांवर गपकन थांबतं, कारण पेट्रोल संपलं. ससा काचेवरच्या ‘ए’ वर्गाच्या पेट्रोल-रेशनचिठ्ठीकडे बोट दाखवतो. गुरुत्वाकर्षणाला रेशन लागू करण्याची ही कल्पना शत्रूविना उभी राहते. आणि जानेवारी १९४५ च्या ‘ड्राफ्टी डॅफी’मध्ये त्यानं त्याहून अवघड गोष्ट केली. युद्धगीतं गात घरात मिरवणारा डॅफी भरती मंडळाचा बुटका माणूस दारात येताच थरथर कापतो, पळतो, त्या बुटक्याला उडवायला बघतो, तिजोरीत कोंडतो. तो बुटका रागावत नाही, मार खात नाही, जिकडे तिकडे हजर. रॉकेटनं डॅफी शेवटी नरकात पडतो, तर तिथेही तोच भेटतो, सौम्य आवाजात.