गाडीलाही खांदेमळणी हवी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे मळतो, शेकतो. वर्षभर ज्याने जू ओढले, त्याच्या खांद्याला कुठे सूज तर नाही ना, हे त्या निमित्ताने हात फिरवून पाहिले जाते. आज पुष्कळ घरांच्या अंगणात बैलाच्या जागी चारचाकी उभी आहे. तिच्यावरून असा हात कोण फिरवतो?

पवनेकाठचे पिंपळे सौदागर हे मूळचे शेतीचे गाव. आता तेथे उंच इमारती आणि त्यांच्या खाली गाड्यांच्या रांगा दिसतात. हा सारा पट्टाच वाहनांचा. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार झाल्या. पिंपरीत टाटांचा, म्हणजे तेव्हाच्या टेल्कोचा, कारखाना १९६६ साली आला. तेथे तयार झालेली इंडिका १९९८ साली बाजारात आली आणि तिचे उत्पादन २०१८ साली थांबले. तरीही एखाद्या वाडीत जुनी इंडिका अजून बाजाराला जाताना दिसते, आणि तिच्यापेक्षा कितीतरी नवी गाडी गोठ्याशेजारी गंजत पडलेली दिसते. हा फरक नशिबाचा थोडा आणि निगेचा फार.

निगा म्हणजे काय, याचा धडा पिंपळे सौदागरहून फार दूर नाही. पवना ओलांडून दापोडीला गेले की एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा लागते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून घाटातून आणि खडीच्या रस्त्यावरून ही गाडी लाखो किलोमीटर चालत आली. रोजची देखभाल डेपोत, त्याहून मोठे काम विभागीय कार्यशाळेत आणि बॉडीबांधणीसारखे काम दापोडीसारख्या ठिकाणी, अशी तिची व्यवस्था आहे. जुन्या चासीवर नवी पोलादी बॉडी चढवून गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याचे कामही एसटीने केले आहे. गाडी बंद पडण्याची वाट न पाहता, ठरल्या वेळी तिला पाहणे, एवढेच आपण त्यातून घ्यायचे.

पहिली गोष्ट ऑइलची. इंजिनात धातूवर धातू घासत असतो. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो म्हणून झीज कमी होते. तेच ऑइल उष्णता वाहून नेते आणि काजळी, कीस आपल्यात सामावून घेते. आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी ऑइलची काडी काढून पुसा, परत घाला आणि पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल नुसते काळे दिसले म्हणजे बिघडले असे नाही. डिझेल गाडीत ते लवकरच काळे होते. बदलण्याची वेळ गाडीच्या पुस्तिकेतील किलोमीटर आणि महिने पाहून ठरवा, जे आधी भरेल ते. धुळीचा रस्ता आणि ओझे असेल, तर ही मुदत त्याहूनही कमी धरावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. किटलीच्या तळाशी बसते तसे कीट आत बसते. पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच वापरा. काटा वर चढला तर गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उसळते.

तिसरी धूळ. एअर फिल्टर तुंबला की इंजिनाचा दम कोंडतो आणि इंधन जास्त लागते. सुगीच्या दिवसांत तो मधूनमधून काढून झटका. हवेने साफ करताना हवा आतून बाहेर मारावी. फारच मळला किंवा फाटला असेल तर बदलावा.

चौथी टायर आणि ब्रेक. टायर थंड असताना हवा तपासा. किती हवी ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की त्याचे काम संपले. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. येथे काटकसर केली तर पैसा वाचतो, पण जीव धोक्यात येतो.

आपल्या शेतकऱ्यांच्या गाडीचे आणखी दोन शत्रू आहेत. एक खत. खताची गोणी डिकीत ठेवली आणि थोडे जरी सांडले, तरी ओल लागून पत्रा खातो. लगेच झाडून, धुऊन कोरडे करा. पावसाळ्यात मडगार्डच्या आतला चिखलही धुवा. दुसरा शत्रू उंदीर. धान्याच्या कोठीशेजारी गाडी महिनाभर उभी राहिली, तर वायरी कुरतडल्या जातात. अधूनमधून बोनेट उघडून पाहा आणि आठवड्याला थोडा फेरफटका मारा. बॅटरीही जिवंत राहते.

हे सारे लक्षात राहावे म्हणून एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय केले, किती खर्च आला, हे घरातल्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने लिहावे. गॅरेजवाल्याला ती वही दाखवा. टायमिंग बेल्टची मुदत, विमा आणि पीयूसी यांच्या तारखाही तीत असू द्या. बेल्ट असलेल्या इंजिनात तो वेळेवर बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर इंजिनचे मोठे काम निघू शकते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीत उतरली तर ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्या वेळी जुन्या निगेचे फळ मिळते.

खेड्यात गाडी मिरवायला नसते. अपरात्री कुणाला साप चावतो, कुणा लेकीला कळा सुरू होतात. तेव्हा सगळे घर दाराशी उभे राहून एकाच आवाजाकडे कान लावते. चावी फिरताच इंजिन सुरू व्हावे, यासाठी आठवड्यातली दहा मिनिटे फार नाहीत.