लंगोटी, घोंगडी आणि सावकाराची वही

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशी पुष्कळ ठाकूरवाड्या आहेत. तिथली मुले आज चड्डी-सदरा घालून, पाठीला दप्तर लावून शाळेत जातात. हे पाहून वाटते, पूर्वीपासून असेच चालत आले असेल. पण तसे नव्हते. आपल्या आज्या-पणज्यांच्या लहानपणी अंगावर काय असे आणि दिवसभर काम काय असे, ते आपण पाहू.

अंगावर काय असे?

पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत पोर उघडेच असे. कमरेला काळा करगोटा, एवढाच त्याचा पोशाख. पुढे मुलाला लंगोटी मिळे. ती दुकानातून येत नसे. आईचे लुगडे विरले, की त्यातून वीतभर रुंदीची पट्टी फाडायची. झाली लंगोटी! मुलीच्या कमरेला त्याच लुगड्याचा तुकडा गुंडाळीत. उरलेल्या चिंध्यांची गोधडी होई. एकच लुगडे आधी आईचे, मग मुलांचे आणि शेवटी साऱ्या घराचे पांघरूण.

थंडीत शेकोटीची ऊब. पावसात डोक्यावर इरले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करायचा आणि त्यात पाने भरायची. बांबू आणि पाने रानात मिळत. इरल्याला पैसा पडत नसे. कापडाला मात्र पैसा पडे.

कोणी म्हणतात, "रानातल्या माणसाला कापड कशाला हवं?" हे खरे नाही. थंडी सर्वांना सारखीच वाजते. कापड हवे होते, पण गाठीला पैसा नव्हता.

घरचे काम

लंगोटी आली, की कामही आले. सहा-सात वर्षांचा मुलगा शेळ्या घेऊन रानात जाई. येताना करवंदे आणी. मुलगी पाणी भरी, धाकट्या भावंडाला कडेवर घेई, आईबरोबर लाकडाची मोळी आणी. मोळी विकायला आई नेरळ, कर्जत नाहीतर माथेरान गाठी. उन्हाळ्यात राब असे. झाडाच्या फांद्या तोडून वाळवायच्या, रोपाच्या जागेवर पसरून भाजायच्या. त्यातही पोरे लहान लहान भारे वाहात. पावसाळ्यात आवणीला सारे घर चिखलात उतरे.

या कामात कष्ट होते, पण शिकणेही होते. कुठला पाला औषधी, कुठले लाकूड टिकाऊ, हे पोराला कळे. कडू कंद तसाच खाल्ला तर बाधतो. त्याचे काप करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवले तर कडूपणा जातो. ही विद्या घरातच मिळे.

दुसऱ्याच्या दारचे काम

पावसाळ्यात घरातले धान्य संपे. मग सावकाराकडून खावटी आणावी लागे. एक मण आणले, तर दीड मण फेडायचे. लग्नाचा खर्च निराळा. नवऱ्याला धोतर हवे, नवरीला लुगडे हवे, पाहुण्यांना जेवण हवे. त्यासाठी कर्ज काढायचे आणि फिटेपर्यंत सावकाराच्या घरी राबायचे. ठाणे-कुलाबा भागात अशा माणसाला लग्नगडी म्हणत. (आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते.)

बापाच्या राबण्याने कर्ज फिटले नाही, तर पोरगा सावकाराची गुरे राखायला जाई. त्याला पोटाला भाकर मिळे. वर्षाला एखादी घोंगडी किंवा कापड मिळे. पण पैसा हातात येत नसे. कर्जातून किती वजा झाले, ते सावकाराच्या वहीत असे. ती वही बापालाही वाचता येत नसे, पोरालाही नाही. कागदावर अंगठा तेवढा उठे. अशी ती घोंगडी फार महाग पडे.

दुसऱ्या महायुद्धात कापड आणखी महागले. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले. शहरात कापड मिळेना, तिथे वाडीवर कुठून पोचणार?

माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी हे दुखणे ओळखले होते. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणत. ते वकील होते. त्यांनी या भागात धान्यकोठ्या काढल्या, म्हणजे खावटीसाठी सावकाराचे दार नको. शाळाही काढल्या, म्हणजे हिशेब कळावा. स्वातंत्र्याच्या लढ्यात २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने ते हुतात्मा झाले.

आता कायदा काय म्हणतो?

१९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. कर्जापायी माणसाला बांधून ठेवणे गुन्हा ठरले. असे कर्ज रद्द होते. बांधून ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे हाही गुन्हा आहे. शाळा सुटल्यावर घरच्या, धोका नसलेल्या कामात त्याने हात लावला, तर चालते. घरचे काम आणि दुसऱ्याच्या दारचे काम, यांतला फरक कायद्यानेही मानला आहे.

तरी आपण सावध राहिले पाहिजे. आजही काही कुटुंबे पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात. पोरेही बरोबर जातात, शाळा बुडते. उचल म्हणजे कर्जच. तेव्हा पैसे घेताना आकडा स्वतः वाचा. किती दिवस काम, किती मजुरी, हे आपल्या वहीत लिहून ठेवा. न वाचता सही करू नका. पोराला शक्य तर आजीजवळ वाडीतच ठेवा, म्हणजे शाळा चालू राहील. कोणी अडवून ठेवले, तर प्रांत अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे तक्रार करता येते.

वाडीतल्या म्हाताऱ्यांना जुन्या गोष्टी विचारा. इरले कसे विणायचे, कंद कसा ओळखायचा, हे त्यांच्याकडून शिकून घ्या. त्यांच्यावर कर्ज किती होते आणि ते कसे फिटले, हेही विचारा. मुलांना ते लिहून काढायला सांगा.