ती तारीख जवळ आली की...

पावसाने जोर धरला की गडमुडशिंगीत सकाळी पहिला प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ झालेत. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी सोसला, ज्यांचे पै-पाहुणे चिखली-आंबेवाडीत पाण्यात अडकले होते, त्यांना पाणी इशाऱ्याच्या खाली असले तरी झोप लागत नाही. छातीत धडधडते, जेवण जात नाही, पोरांवर उगाच हात उगारला जातो. घरचे म्हणतात, "काय झालंय तुला? पाणी कुठं आलंय अजून?"

पाणी आलेले नसते, पण महिना आलेला असतो. दुःखाच्या तारखेच्या आगेमागे त्रास उफाळून येणे ही मानसोपचाराच्या डॉक्टरांना चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे. मोठा धक्का बसतो तेव्हा मेंदू नुसती घटना साठवत नाही. त्या वेळचा वास, आवाज, हवेतला गारवा हे सगळे तिच्यासोबत बांधून ठेवतो. पुढे यातले एक जरी परत आले, तरी धोका ओळखणारा मेंदूचा भाग जागा होतो. म्हणून कॅलेंडरकडे नजर जायच्या आतच अंग जड होते. हे वेड नव्हे आणि नाटकही नव्हे.

म्हणजे आपण पाळला नाही तरी तो दिवस येतोच. फरक एवढाच, की तो एकट्याने अंथरुणात काढायचा की चार माणसांत बसून. स्मृतिदिन पाळायची रीत जगभर पडली, त्यामागे आमच्या मते हेच मोठे कारण आहे.

आपल्या समाजाला हे कुणी शिकवावे लागले नाही. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून लाखो माणसे दरवर्षी चैत्यभूमीवर येतात. ज्यांना मुंबई गाठता येत नाही ते बिंदू चौकात, बाबासाहेबांच्या हयातीतच १९५० साली उभारलेल्या पुतळ्यापाशी येतात, किंवा आपल्या विहारात मेणबत्ती लावतात. तासन्‌तास रांगेत उभा राहिलेला माणूस परतताना पिशवीत पुस्तके घेऊन येतो. रडायलाही जागा आहे आणि हाताला कामही आहे, असा तो दिवस आहे. दुःखाला असे काम मिळाले की ते माणसाला कमी खाते.

काही दुःखे मात्र मरणाची नसतात, मारण्याची असतात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवायला २००९ साल उजाडले. मधल्या बारा वर्षांत दर ११ जुलैला तिथे माणसे जमली नसती, तर त्या घरांना आपले दुःख खरे आहे हे सांगायला कोण होते? "झाले गेले विसरा" हा सल्ला अशा घरांना औषध म्हणून देऊ नये. त्याने माणूस गप्प होतो, बरा होत नाही.

हे फक्त आपलेच नाही. शेजारच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसांची. पोलंडमधून सायबेरियाकडे लोकांना घरातून उचलून नेण्याची सुरुवात १० फेब्रुवारी १९४० ला झाली. तो दिवस तिकडे आजही पाळतात. छावणीत वाढलेली काही मुले म्हातारपणी, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, ही जागा बघायला पुन्हा कोल्हापुरात आली होती.

किसा गोतमीची गोष्ट आपण अनित्यता समजावण्यासाठी सांगतो. जिथे कुणी मेले नाही अशा घरातली मोहरी तिला मिळाली नाही. पण आम्हाला तिचे ते दारोदार फिरणेही महत्त्वाचे वाटते. प्रत्येक दारात तिला कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाविषयी सांगितले असणार.

घरच्या स्मृतिदिनाला मोठा खर्च लागत नाही. त्रिशरण-पंचशील, पुण्यानुमोदन आणि नंतर गेलेल्या माणसाविषयी प्रत्येकाने एखादी आठवण सांगणे, एवढे पुरते. आठवण हसवणारी असली तरी चालते. कर्ज काढून जेवणावळ घालू नका. त्याचे हप्ते पुढच्या स्मृतिदिनापर्यंत फेडावे लागतात. लहान मुलांना आज काय आहे ते साध्या शब्दांत सांगा. नाहीतर आई आपल्यामुळेच रडते असे त्यांना वाटते. २०२१ च्या कोरोनात ज्यांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही, त्यांच्या घरी तर हा दिवस जरूर करा. त्यांचा निरोप घ्यायचा राहून गेलाय.

दारूचे मात्र स्पष्ट सांगतो. त्या रात्री "दुःख विसरायला" घेणारे पुरुष प्रत्येक वस्तीत आहेत. दारूने डोळा लागतो, पण मध्यरात्री झोप मोडते आणि सकाळी मन आणखी खचलेले असते. पाचवे शील त्याच दिवशी मोडू नये. अशा माणसाला आदल्या संध्याकाळीच विहारात सतरंज्या टाकायला, खुर्च्या लावायला बोलवा.

हा त्रास बहुतेकांचा दोन-चार दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. वर्ष उलटून गेले तरी रोज तसेच होत असेल, कामावर जाता येत नसेल, किंवा जगणे नको असे कुणी बोलून दाखवले, तर थांबू नका. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात दाखवता येईल. आणि छातीत दुखून कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर "तारीख जवळ आलीय म्हणून होतंय" असे समजून घरी बसू नका. आधी ईसीजी काढून घ्या.