प्रिंटर मुका कां होतो?

घरांतील एखादें यंत्र बंद पडलें कीं प्रथम अपराधी शोधला जातो. दोष कोठें आहे हें मागाहून. आमच्या घरीं मध्यंतरीं नेमकें असेंच झालें. दुसरे दिवशीं सकाळीं नातीची परीक्षा. रात्रीं दहा वाजतां तिचें प्रवेशपत्र छापावयास घेतलें, तों प्रिंटर स्वस्थ! संगणकाच्या पडद्यावर ‘ऑफलाइन’ हा एकच शब्द. धाकट्या नातवानें दुपारीं त्या यंत्राचीं बटणें दाबिलीं होतीं, एवढें कोणास तरी आठवलें व सर्वांचा रोख त्याच्याकडे वळला. मीहि त्यास दोन शब्द बोललों. पोर रडत झोपीं गेलें.

एकत्र कुटुंबांत संगणक अनेक, परंतु प्रिंटर बहुधा एकच असतो. आमच्या माडीवरील एक जुना संगणक सर्वांचीं कामें स्वीकारतो, तीं रांगेंत लावतो व एकामागून एक प्रिंटरकडे धाडतो. यासच प्रिंट-सर्व्हर म्हणतात. म्हणजे निरोपाच्या प्रवासाचे दोन टप्पे झाले. आपल्या संगणकापासून सर्व्हरपर्यंत पहिला, व तेथून राउटरच्या द्वारें प्रिंटरपर्यंत दुसरा. ‘ऑफलाइन’ हा शब्द निरोप पोंचला नाहीं एवढेंच सांगतो. कोणत्या टप्प्यावर अडला, हें आपणच शोधावयाचें.

जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर. जेथें अग्नि नाहीं तेथें धूर नाहीं, जसा जलाशय. तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांतील हा अन्वय-व्यतिरेक येथें तंतोतंत उपयोगी पडतो. एका वेळीं एकच दुवा वगळावा, आणि कार्य होतें कीं नाहीं तें पाहावें.

त्या रात्रीं मीं प्रथम सर्व संगणक वगळले व प्रिंटरच्याच बटणानें त्याचें चाचणीचें पान काढलें. तें स्वच्छ उमटलें. म्हणजे शाई, कागद व यंत्र तिन्ही ठीक. अशा पानावर बहुधा यंत्राचा जाळ्यांतील पत्ताहि छापलेला असतो. आमच्या पानावर १९२.१६८.१.९ हा पत्ता होता. सर्व्हरच्या नोंदींत मात्र १९२.१६८.१.५. संध्याकाळीं वीज जाऊन आली, तेव्हां राउटरनें सर्व यंत्रांस पत्ते नव्यानें वांटले होते. सर्व्हर बिचारा जुन्याच घराचें दार ठोठावीत होता! नातवाच्या बटणांचा यांत कांहीं संबंध नव्हता.

सर्व्हरवरील ‘पोर्ट’च्या नोंदींत नवा पत्ता घालतांच प्रिंटर बोलूं लागला, आणि प्रवेशपत्राच्या एकामागून एक अकरा प्रती बाहेर पडल्या. यंत्र ऐकत नाहीं म्हणून प्रत्येकानें पुनःपुन्हां दिलेली आज्ञा रांगेंत तशीच उभी होती.

दोष प्रत्येक घरीं हाच असेल असें नाहीं. शोधाचा क्रम मात्र हाच ठेवावा. छापलेला पत्ता १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाहीं असें समजावें व प्रिंटर पुन्हां वाय-फायला जोडावा. पत्ता बरोबर असल्यास सर्व्हरवरून त्यास ‘पिंग’ करावें. उत्तर आलें तर वाट मोकळी आहे. मग सर्व्हरवरूनच एक पान छापून पाहावें. तेथून छापलें जातें, पण आपल्या संगणकावरून नाहीं, तर दोष पहिल्या टप्प्यांत आहे. सर्व्हर निद्रित झाला असेल, किंवा त्याचा परवलीचा शब्द बदलला असेल. सर्व्हरवरूनहि छापलें जात नसेल, तर रांग पाहावी. अग्रभागीं अडकलेलें एक काम मागील सर्वांस थोपवून धरतें. तें रद्द करावें, आणि तेवढ्यानें न भागल्यास ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा थांबवून पुन्हां सुरू करावी. हें सर्व केल्यावांचून प्रिंटर काढून टाकण्याच्या व नव्यानें बसविण्याच्या भरीस पडूं नये. त्यानें एकाच प्रिंटरचीं दोन-तीन नांवें यादींत येतात व घोटाळा मात्र वाढतो.

कायमचा उपाय सोपा आहे. प्रत्येक यंत्रास कारखान्यांतच बारा अंक-अक्षरांची एक ओळख मिळते. तीस मॅक-पत्ता म्हणतात. राउटरच्या व्यवस्थापनाच्या पानावर ती नोंदवून प्रिंटरसाठीं एक पत्ता राखून ठेवावा, आणि तोच सर्व्हरवर लिहावा. तार व वाय-फाय यांचे मॅक-पत्ते वेगवेगळे असतात; प्रिंटर ज्या मार्गानें जोडला असेल त्याचाच घ्यावा. मग वीज कितीहि वेळां गेली तरी पत्ता ढळत नाहीं.

आम्हीं हें दुसरेच दिवशीं केलें. त्यापूर्वीं एक काम होतें. पहांटे नातवास जवळ घेऊन मीं सांगितलें, “बाळ, चूक तुझी नव्हती, माझी होती.” तो म्हणाला, “आजोबा, मीं तर फक्त दिवा लागतो कां तें पाहिलें होतें.” काल रात्रीं त्यास हें कोणीं विचारलेंच नव्हतें. शाळेंत वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों कीं कारण सिद्ध झाल्यावांचून निर्णय देऊं नये. तो पाठ मला स्वतःच्या घरीं पुन्हां गिरवावा लागला.