वासराला पेज कां पचत नाहीं?

दूध वांचवून वासराला भाताची पेज पाजली तरी चालतें, असा समज कांहीं गोठ्यांत आढळतो. तो घातक आहे. चौथ्या पोटांतील आंबट अन्न लहान आंतड्यांत उतरलें कीं आंतड्याचें अस्तर ‘सिक्रेटिन’ रक्तांत सोडतें, आणि त्या निरोपासरशीं स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस वाहूं लागतो. १९०२ सालीं लंडनमध्यें बेलिस व स्टार्लिंग यांनीं कुत्र्याच्या आंतड्याचे मज्जातंतु तोडून पाहिले. तरीहि रस झरलाच! गुरांतहि हीच व्यवस्था आहे. मात्र नवजात वासराच्या या रसांत दुधांतील प्रथिनें पचविणारीं द्रव्यें असलीं, तरी पिष्ट पचविणारें द्रव्य अत्यल्प असतें. न पचलेली पेज आंतड्यांत आंबते, हगवण लागते, वासरूं खंगतें. वयाबरोबर तें द्रव्य वाढतें. पण त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि पेज तर पहिल्याच आठवड्यांत पुढें येते.