भट्टीतील नळ्यांसाठी अगंज पोलादाची निवड

‘अगंज पोलाद’ हे नाव सोयीचे असले तरी थोडे फसवे आहे. स्वयंपाकघरातील ताटवाटी गंजत नाही, यावरून भट्टीच्या ज्वाळेतील नळीही टिकेल असे अनुमान सहज काढले जाते. वस्तुतः पोलादात सुमारे ११ टक्क्यांहून अधिक क्रोमियम असल्यास त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ व घट्ट थर बसतो, आणि तोच त्याचे रक्षण करतो. हा थर किती तापमानास व कोणत्या रसायनांपुढे टिकतो, हा खरा प्रश्न होय. ज्या नळ्यांतून तेल वाहते आणि ज्यांना बाहेरून ज्वाळा लागतात, त्यांची निवड या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. नळी फुटली तर तापलेले तेल थेट आगीत सांडते व भट्टीजवळच्या कामगाराच्या जिवावर बेतते. म्हणून ही निवड केवळ खर्चाची बाब राहत नाही.

यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. हा कापसाचा जिल्हा. कापसाबरोबर सरकी येते, आणि सरकीच्या तेलाचा वास काढण्यासाठी ते निर्वातात २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. अशा कामी कारखान्यांत ‘थर्मिक फ्लुइड हीटर’ या नावाने ओळखली जाणारी भट्टी उपयोगी पडते. तिच्या नळ्यांतून फिरणारे उष्णतावाहक खनिज तेल साधारणतः ३०० अंशांच्या आसपास राखले जाते. तेलाचा प्रवाह पुरेसा वेगवान असेल, तर नळीच्या धातूचे तापमान तेलाहून फार तर काही दहा अंशांनी अधिक असते. साधे कार्बन पोलाद सुमारे ४२५ अंशांपर्यंत दीर्घकाळ विश्वासाने वापरता येते. तेव्हा येथे अगंज पोलादाची आवश्यकता नाही. प्रवाह मंदावून तेल जळले व नळीत कार्बनचा थर बसला, तर धातू तापू लागतो. परंतु त्यावरील उपाय प्रवाह सुधारणे हा आहे, धातू बदलणे हा नव्हे.

बाहेरच्या बाजूस इंधनाचा विचार करावा लागतो. वणी परिसरातील दगडी कोळसा गोंडवनी खडकांतील आहे. अशा कोळशात राख पुष्कळ व गंधक सामान्यतः १ टक्क्याहून कमी असते. ज्वलनवायूबरोबर उडणारी वाळूयुक्त राख नळ्यांना घासते. या झिजेपुढे अगंज पोलादाचाही निभाव लागत नाही. नळ्यांमधील अंतर वाढवणे व संरक्षक पत्रे बसवणे हेच उपयोगी ठरते. पऱ्हाटी जाळल्यास प्रश्न निराळा होतो. तिच्या राखेत पोटॅशियम व क्लोरीन असतात. नळीवर साचलेले पोटॅशियमचे क्षार संरक्षक थरातील क्रोमियमशी संयोग पावून क्रोमेट बनवतात आणि थर दुबळा होतो. धातूचे तापमान सुमारे ४५० अंशांवर गेल्यास हा हल्ला तीव्र होतो; ज्या क्रोमियमवर भरवसा ठेवावा, तेच येथे खर्ची पडते.

अगंज पोलादाचे खरे क्षेत्र अधिक उष्ण भट्ट्यांत आहे. मुंबईच्या ट्रॉम्बे-माहुल भागात १९५४ व १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. अशा कारखान्यांत गंधकयुक्त तेल तापवताना सुमारे २६० अंशांपासून कार्बन पोलाद झिजू लागते. तेथे ५ ते ९ टक्के क्रोमियम व थोडे मॉलिब्डेनम असलेले मिश्रपोलाद वापरतात. हायड्रोजनच्या साहाय्याने गंधक काढणाऱ्या भट्टीत मात्र तेही अपुरे पडते, आणि १८ टक्के क्रोमियम व सुमारे ८ ते १० टक्के निकेल असलेले पोलाद घ्यावे लागते.

येथे कार्बनचे प्रमाण निर्णायक ठरते. सुमारे ४२५ ते ८१५ अंशांदरम्यान क्रोमियम व कार्बन यांचा संयोग होऊन स्फटिककणांच्या सीमेलगत क्रोमियमची तूट पडते. कार्बन कमी केल्यास हा दोष टळतो. परंतु अल्पकार्बनी ३०४-एल तप्त अवस्थेत दुबळे असते. ३०४-एच मध्ये ०.०४ ते ०.१० टक्के कार्बन मुद्दाम राखलेला असतो. ते बळकट, पण या दोषास बळी पडणारे. म्हणून टायटॅनियमयुक्त ३२१ किंवा नायोबियमयुक्त ३४७ यांची निवड होते. ही मूलद्रव्ये कार्बनला स्वतःकडे बांधून ठेवतात. दोषयुक्त नळीवरील सल्फाइडचा थर, भट्टी थंड झाल्यावर, हवा व ओल यांच्या संयोगाने आम्ल निर्माण करतो आणि नळीस तडे जातात. यासाठी भट्टी उघडण्यापूर्वी नळ्या सोड्याच्या द्रावणाने धुतात.

तापमानाचा अंदाज चुकल्यास काय होते, हे लार्सन व मिलर यांच्या १९५२ मधील सूत्रावरून कळते. तप्त धातू ताणाखाली हळूहळू लांबत जातो. या विसर्पणाचा काळ त्या सूत्राने मोजतात. स्थिरांक १५ धरल्यास, ६५० अंशांस १,००,००० तास टिकणारी नळी त्याच ताणाखाली ६७० अंशांस सुमारे ३७,६०० तासच टिकेल. केवळ २० अंशांच्या वाढीने ११ वर्षांचे आयुष्य ४ वर्षांवर येते.

शेवटी पाण्याचा उल्लेख अवश्य आहे. नव्या नळ्यांची दाबचाचणी विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने केली व ते आत वाळले, तर उरलेल्या क्लोराइडमुळे अगंज पोलादास तडे जाऊ शकतात. साध्या पोलादास हे भय नसते. चाचणीच्या पाण्यात क्लोराइड दशलक्ष भागांत ५० भागांहून अधिक नसावे, असा संकेत आहे.

सारांश, प्रथम धातूचे तापमान, नंतर आतील द्रव, मग बाहेरचे इंधन आणि अखेरीस भट्टी बंद असतानाची स्थिती, या क्रमाने विचार करावा. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर पोलादाचे नाव बहुधा आपोआप ठरते. नावापासून आरंभ केल्यास मात्र चूक भट्टी पेटल्यावरच उघडकीस येते.