टाचदुखी: सुरीविना उपाय

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाचेत कळ येते आणि थोडं चालल्यावर ओसरते. तळव्याचा जाड पडदा दुखावल्याची ही ओळख. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा गुण लवकर येतो, पण फार टिकत नाही. वारंवार घेतल्यास पडदा फाटण्याचीही भीती. व्यायाम सावकाश लागू पडतो. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीच्या कडेवर उभं राहायचं, तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. तेही दिवसाआड. डेन्मार्कमधल्या २०१४च्या अभ्यासात तीन महिन्यांनी नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा हा सरस ठरला. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच. पायाचं माप घेऊन बनवलेले महागडे सोल? दुकानातल्या तयार सोलपुढे त्यांचा फारसा जास्त फायदा दिसलेला नाही. शॉकवेव्ह, म्हणजे टाचेवर बाहेरून दाबलहरी सोडण्याच्या उपचाराचा विचार काही महिने एवढं करूनही दुखलं तरच.